चाकाच्या कमानी, फायबरची गाडी आणि आपली काळी माती

(सोसायटीच्या रौप्य महोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी मधुमेहावर बोलणे झाले, मृत्युपत्रावर झाले, गच्चीवरच्या भाजीपाल्यावरही झाले. त्यानंतर गाडीच्या चाकावरच्या कमानीवर कोण ऐकेल, असे मी सचिवसाहेबांना म्हटले होते. ते म्हणाले, "काका, ज्या गाडीवरून सर्वसाधारण सभेत दोन तास भांडण झालं, तिच्यावर लोक ऐकतीलच." त्यांचे खरे दिसते. मागच्या खुर्च्याही भरल्या आहेत.

माझी नोकरी एसटीची. नागपूरला हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी सेक्शनला होतो, नंतर इकडे आलो. आयुष्यभर पत्रा, रिव्हेट अन् रंग. एसटीची पुढची-मागची तोंडं फायबरची यायला लागली तेव्हा आम्हाला ते काम शिकावं लागलं. त्यामुळे फायबर माझ्या हाताखालून गेलेलं आहे. एवढाच माझा अधिकार.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी गाडीची ओळख. सात नंबरच्या पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली, दोनच माणसं बसतील अशी ती लाल गाडी म्हणजे 'सॅन स्टॉर्म'. बंगळूरच्या सॅन कंपनीने १९९८ मध्ये ती आणली. रेखाटन फ्रान्सच्या लोकांचं, इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, साधारण ६० अश्वशक्तीचं, अन् अंग सगळं फायबरचं. आपला वाशिम जिल्हाही १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, म्हणजे दोघांचं वय एकच. अशा गाड्या फार निघाल्या नाहीत. आपल्या डॉक्टरसाहेबांनी ती २००४ मध्ये पुण्याहून जुनीच घेतली. पाटणी चौकातून ते ती घेऊन निघाले की पोरं सायकली टाकून पाहत उभी राहत. डॉक्टरसाहेब २०१५ मध्ये गेले. गाडी त्या दिवसापासून जागची हलली नाही.

भारतात फायबरच्या गाड्या अगदीच नव्या नव्हत्या. १९८२ च्या सुमारास बंगळूरच्याच सिपानींची 'डॉल्फिन' आली, ती इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून घेतलेली. आपल्या महाराष्ट्रात अलिबागकडे चिंकारा म्हणून स्पोर्ट्स गाडी बनली, तिचंही अंग फायबरचं. अमेरिकेत शेवरोले कंपनीने १९५३ मध्येच कॉर्व्हेट गाडी फायबरची काढली होती. मोठमोठे डाय अन् प्रेस न लावता थोड्याच गाड्या काढायच्या असतील तर फायबर स्वस्त पडतं. साचा करायचा, काचेच्या धाग्याची चटई टाकायची, राळेसारखं रेझिन ओतायचं, वाळलं की काढायचं. कोकणातल्या मासेमारीच्या होड्या तशाच होतात. आपल्या विदर्भातल्या माणसाला कूलरवरून लवकर समजते. लोखंडी टाकीचा कूलर दोन-तीन उन्हाळ्यांत खालून गळायला लागतो. फायबरचा कूलर गळत नाही, पण एखाद्या कोपऱ्यावर आपटला की तिथे तडा जातो. गाडीचंही तसंच आहे.

सभेत जे झालं ते सगळ्यांना आठवतं. पार्किंगमध्ये बंद पडलेल्या दोन गाड्या आहेत, जागा अडवतात, टायरमध्ये पाणी साचून डास होतात, ३० जूनपर्यंत मालकांनी त्या काढाव्यात किंवा चालू कराव्यात, नाहीतर सोसायटी कारवाई करील, असा ठराव झाला. ठराव योग्य होता, मीही हात वर केला होता. डास खरेच होते. डॉक्टरसाहेबांचा मुलगा पुण्याला नोकरीत. तो म्हणाला, भंगारात देऊ, कारखानाच बंद आहे, सुटे भाग कुठून आणायचे? वहिनी सभेत काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आल्या अन् म्हणाल्या, "भाऊजी, एकदा खालून पाहून सांगा. व्हायची नसेल तर तसं सांगा, मी मग कुणाला काही म्हणणार नाही." फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता.

इंजिनचं काम मिस्त्रीकडे होतं. त्याला ते जमलं, कारण पिस्टन-वॉल्व्ह कुठलेही असोत, तत्त्व एकच. अडचण होती ती चारही चाकांच्या कमानींची. पंधरा वर्षांपुढच्या खाजगी गाडीला नोंदणी पुढे चालू ठेवायची तर आरटीओत तपासणी लागते. फाटक्या मडगार्डची गाडी तिथे न्यायची कशी?

मी खाली झोपून टॉर्च मारला. पुढच्या दोन कमानींत आतून चार-चार बोटं जाड काळी माती बसलेली. वीट झाली होती तिची. आपली रेगड माती ओली झाली की फुगते, चिकटते. वाळली की आकसते अन् दगड होते. डॉक्टरसाहेब दर मंगळवारी मानोऱ्याकडे आठवडी दवाखान्याला जात, अर्धा रस्ता तेव्हा खडीचा अन् मातीचा होता. ती माती तिथे इतकी वर्षे बसून होती. पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून घ्यायची अन् उन्हाळाभर हळूहळू सोडायची. लोखंडी गाडी असती तर कमान केव्हाच खाऊन गेली असती. फायबर असल्यामुळे ती जागेवर होती, एवढाच फायबरचा फायदा.

बाहेरून पाहिलं तर रंगावर चांदण्या. मध्यभागी एक ठिपका अन् त्यातून सगळीकडे निघालेल्या बारीक रेघा. हे समजून घ्या, कारण शंभरातल्या नव्वद रंगाऱ्यांना हे समजत नाही. चांदणी बाहेर दिसते, पण मार आतून बसलेला असतो. टायर खडा उचलतो, तो कमानीला आतून गोळीसारखा लागतो. पत्र्याला त्या माराने पोचा येतो. फायबर वाकून परत जागेवर येतं, पण त्याच्यावर बाहेरून जो अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासचा कडक थर असतो, ज्याला जेलकोट म्हणतात, तो वाकत नाही, तडकतो. मग त्या भेगेतून पाणी आत जातं, काचेच्या धाग्याच्या बाजूने कंदिलाच्या वातीसारखं पुढे सरकतं अन् दोन-तीन पावसाळ्यांनी रंगाला फोड येतात. आपण फोड घासतो, लांबी भरतो, रंग मारतो. पुढच्या वर्षी तिथेच फोड. या गाडीत डाव्या मागच्या कमानीवर कुणीतरी आधी असंच करून ठेवलं होतं. लांबीचा थर इतका जाड की नाण्याने ठोकलं तर मातीच्या मडक्यासारखा आवाज यायचा. चांगल्या फायबरचा आवाज कडक, टणटणीत येतो. आत थर सुटलेले असले की थप्प येतो. एक रुपयाचं नाणं घेऊन मी चारही कमानी ठोकत गेलो अन् खडूने गोल करत गेलो. अकरा गोल झाले. वहिनींना सांगितलं, होते. पण मेअखेर संपवावं लागेल, पाऊस लागला की हे काम करता येत नाही.

पहिला आठवडा फक्त माती काढण्यात गेला. खरवडायची नाही. लोखंडी पट्टीने खरवडली की धागे उघडे पडतात. ओल्या गोणपाटाचे तुकडे आत दाबून ठेवायचे, रात्रभर भिजू द्यायचे, सकाळी लाकडी पट्टीने काढायचे. एकबुर्जीचं पाणी किती जपून वापरावं लागतं हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे मी नळी लावली नाही. रोज दोन बादल्या पुरल्या.

नंतर वाळवणं. भिजलेलं फायबर वरून कोरडं वाटते, आतून नसते. एक सोपी परीक्षा आहे. प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा त्या जागेवर चारही बाजूंनी टेपने चिकटवायचा अन् दिवसभर उन्हात ठेवायचा. आतून वाफेचे थेंब दिसले तर अजून ओल आहे. आपल्याकडे मार्चचं ऊन म्हणजे फुकटची भट्टी. तरीही डाव्या मागच्या कमानीला सतरा दिवस लागले. मुलगा पुण्याहून रोज फोन करी, काका, सुरू केलं का? मी म्हणायचो, सुरूच आहे, वाळून राहिलं.

याच काळात गावातल्या एका रंगाऱ्याशी माझी जुंपली. माणूस हाताचा चांगला, पण त्याने सरळ पेंट रिमूव्हर आणला. पत्र्यावर रिमूव्हर लावला की रंग कातड्यासारखा सुटून येतो, मेहनत वाचते. फायबरवर तो रंगाबरोबर जेलकोटही मऊ करतो अन् आत मुरून बसतो, मग पुढे कोणताही रंग टिकत नाही. हीट गनही तशीच. मी म्हटलं, बापा, इथे फक्त पेपर चालेल. तो म्हणाला, चार कमानींना हाताने पेपर? मी म्हटलं, हो, हातानेच. तो गेला. मग मी अन् चार नंबरच्या विंगमधली दोन कॉलेजची पोरं, आम्ही तिघांनी घासलं. पोरांना परीक्षेनंतर काही काम नव्हतंच.

घासण्याआधी एक गोष्ट करावी लागते, ती बहुतेक जण उलटी करतात. आधी पुसायचं, मग घासायचं. डॅशबोर्ड अन् टायर चमकवायच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असते, ते कमानीच्या कडेला उडालेलं असतं. न पुसता घासलं की ते भेगांत दाबलं जाते, अन् शेवटी रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. म्हणून आधी साबणाचं पाणी, मग ग्रीस काढायचं द्रावण, प्रत्येक वेळी नवीन फडकं. अन् घासताना वॉटर पेपर, पाण्यातच. काचेची धूळ कोरडी उडाली की अंगाला खाज सुटते अन् छातीत जाते. पोरांना मी पूर्ण बाह्यांचे शर्ट अन् मास्क घालायला लावले. मे महिन्यात ते मला काय काय म्हणाले असतील ते ऐकू आलं नाही, मास्क होते म्हणून बरं.

आता मुख्य काम. चांदणीची दुरुस्ती आतून सुरू होते. भेग जिथे संपते तिथे बारीक ड्रिलने छिद्र मारायचं, म्हणजे ती पुढे पळत नाही. बाहेरून भेग व्ही आकारात उघडायची. आतून त्या जागेच्या चारही बाजूंनी हातभर नाही पण वीतभर तरी ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करायचं, कारण जुन्या फायबरला नवीन फायबर रसायनाने फारसं धरत नाही, खरखरीतपणाने धरतं. मग चटईचे तुकडे. लहान आधी, त्यावर मोठा, त्यावर आणखी मोठा. ब्रशने रेझिन थोपटत जायचं, आतली पांढरी हवा दिसेनाशी होईपर्यंत.

रेझिनमध्ये हार्डनर किती घालायचा, हा आपल्या भागातला खरा प्रश्न. डब्यावर एक ते दोन टक्के लिहिलेलं असते. दुपारी ४२ अंश असताना दोन टक्के घातलं की मिसळताना हातातच गरम होते, धूर निघतो, डबा फेकावा लागतो. आम्ही पहाटे साडेपाचला काम करायचो, एक टक्का, अन् एका वेळी वाटीभरच. साडेसातला बंद. दूध आणायला निघालेले जोशीकाका रोज विचारायचे, आज किती झालं?

एक गोष्ट लपलेली असते, ती सांगतो. फायबरला गंज नाही, पण फायबर ज्या लोखंडी सांगाड्याला बोल्टने बांधलेलं असते त्या बोल्टला गंज आहे. गंजलेलं लोखंड फुगते. फुगलं की भोवतीच्या फायबरला तडा जातो. उजव्या पुढच्या कमानीवरच्या दोन चांदण्या खड्याच्या नव्हत्याच, बोल्टच्या होत्या. ते बोल्ट कापून काढले, स्टेनलेसचे घातले, मोठे वॉशर अन् रबराची चकती टाकली, म्हणजे दाब एका ठिपक्यावर येत नाही. सांगाड्याचा गंज तारेच्या ब्रशने काढून त्याला वेगळा प्रायमर दिला. ही दोन कामं एकमेकांत मिसळायची नाहीत. पत्र्याला धरून राहावं म्हणून जे आम्लाचं प्रायमर असते ते फायबरवर कामाचं नाही.

रंगावरून माय-लेकांत मतभेद झाला. मुलाला काळा हवा होता. तांत्रिक बाजूने मी वहिनींच्या लालकडे झुकलो. गडद रंगाचं फायबर मे महिन्याच्या उन्हात इतकं तापते की रेझिन थोडं नरमते, अन् आतल्या चटईची नक्षी वरच्या रंगात उमटायला लागते. काळ्यात ते सगळ्यात आधी दिसते. लाल रंग उन्हाने फिका पडतो हे खरं, पण ते पॉलिशने निघते. मुलाने ते मान्य केलं. आईचं कारण वेगळं होतं हे त्यालाही माहीत होतं, मलाही. त्यावर कुणी बोललं नाही.

शेवटचा रंग आम्ही सोसायटीत मारला नाही. काही सभासदांनी त्या वेळी विचारलं होतं की एवढं सगळं इथे केलं, मग रंगासाठी अकोला रोडच्या शेडमध्ये काहून नेली? तर टिकाऊ पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. फवारा श्वासात गेला की दम्यासारखा त्रास होऊ शकतो, अन् एकदा तो लागला की पुढे थोड्याशा वासानेही उठतो. रुमाल बांधून ते अडत नाही. त्याला बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क लागतो, बंद खोली लागते. जिथे लहान मुलं क्रिकेट खेळतात तिथे ते काम करायचं नसते. हे मी मोटारसायकलचं टाकी-मडगार्ड जिन्याखाली रंगवणाऱ्यांनाही सांगतो. आपल्याच सोसायटीत दोन आहेत, नावं घेत नाही.

रंगापेक्षा महत्त्वाचं आतलं संरक्षण, अन् तिथे पैसे वाचवायचे नाहीत. बाजारात डांबरासारखं काळं अंडरकोटिंग स्वस्त मिळते. नवीन असताना छान दिसते. आपल्या उन्हाळ्यात ते नरम पडते, वाळू अन् खडी त्यात चिकटून बसते, हिवाळ्यात कडक होऊन तडकते, अन् तड्यातून गेलेलं पाणी त्याच्यामागे अडकून राहते. वरून गाडी झाकलेली, खालून ओली. आम्ही रबरासारखा लवचीक राहणारा स्टोन-गार्डचा थर मारला, दोन हात, मध्ये एक दिवस सोडून. लवचीक असला की खडा लागून उसळतो, त्याचा जोर फायबरपर्यंत पोचत नाही. मारण्याआधी ब्रेकची नळी, डिस्क, शॉकअॅब्सॉर्बर अन् पाणी निघायची भोकं टेपने झाकायची. भोकं बुजली तर केलेलं सगळं वाया, कारण कमानीत शिरलेलं पाणी बाहेर पडलं पाहिजे.

त्याच्यावर प्लास्टिकची आतली कमान, म्हणजे लायनर. या गाडीचं मिळणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या लहान गाडीचं घेऊन कापून बसवलं. स्क्रूवर बसवलं, रिव्हेटवर नाही, म्हणजे वर्षातून एकदा काढून मागे शिरलेली माती धुता येते. खालचं टोक उघडं ठेवलं. चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून अन् मागे तीन माणसं बसवून पाहिलं, घासत तर नाही ना. शेवटी मडफ्लॅप. दोनशे-अडीचशे रुपयांचा रबराचा तुकडा, पण मागच्या कमानीवर येणारी निम्मी खडी तो अडवतो. डॉक्टरसाहेबांना तो आवडत नसे, म्हणत, बैलाला झूल घातल्यासारखं दिसते. वहिनींनी मात्र सांगितलं, लावा.

११ जूनला पहिला पाऊस झाला, तेव्हा गाडी शेडमध्ये रंग होऊन वाळत होती. २४ जूनला तपासणी झाली. निरीक्षकाने वाकून चारही कमानींत हात फिरवला अन् विचारलं, हे नवीन आहे का? मी म्हटलं, नाही, जुनंच आहे. ठरावाच्या मुदतीला सहा दिवस बाकी असताना सचिवांच्या हातात कागद दिला. दुसऱ्या बंद गाडीचं काय झालं ते त्यांनाच विचारा.

आता ज्यांच्याकडे फायबरची गाडी नाही, म्हणजे बाकी आपण सगळे, त्यांनी पावसाळ्यात शेताकडून, रिसोड-मानोऱ्याकडून आलात तर बादलीभर पाणी अन् जुना कपडे धुवायचा ब्रश घेऊन त्याच संध्याकाळी चारही कमानी आतून धुवाव्या, माती ओली आहे तोपर्यंत. टपावरची धूळ राहिली तरी चालते. समृद्धीवरून नागपूरला जाऊन आलात तर माती नसते, पण १२० च्या वेगाने लागलेला लहानसा खडाही पुष्कळ करून जातो. कमानीच्या कडेवर बोट फिरवून पाहा, खरखर लागली तर तिथे रंग उडालेला आहे. पत्र्याच्या गाडीला त्याच आठवड्यात टच-अप करा. सर्व्हिसिंगला धुताना प्रेशरचा फवारा कमानीच्या काठाशी अगदी जवळून मारू देऊ नका, तिथूनच रंग उचलला जातो.

वहिनींनी परवानगी दिली आहे, म्हणून सांगतो. ज्यांना खालून पाहायचं असेल त्यांनी येत्या रविवारी सकाळी सातला सात नंबरच्या पार्किंगजवळ यावं. जॅक अन् गोणपाट माझ्याकडे आहे, टॉर्च ज्याने त्याने आपला आणावा. नवाला वहिनी गाडी घेऊन बालाजी मंदिरात जातात, त्याआधी उरकावं लागेल.